बोटांवर रंग येईल का, हे मी विचारलंच नव्हतं

बसमध्ये बसल्यावर हेडफोन घरी राहिल्याचं ज्यांच्या लक्षात येतं, त्यांच्यासाठी हा या वेळच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय आणि आकडे नीट तपासून घातलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर गोष्ट अशी. आमच्या देगलूरजवळच्या एका गावात लग्न होतं. करोनाची पहिली लाट ओसरलेली, ऑफिसनं घरून काम करायला सांगितलेलं, त्यामुळे मी गावाकडंच होतो. पंगत बसली तशी मी बुंदीची बादली उचलली. वाढणाऱ्या पोरांत मी लहानपणापासून असतो, त्यात नवीन काही नाही. तिसऱ्या की चौथ्या पानावर एक आजोबा होते. मी वाकलो, त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि पत्रावळीवर आडवा हात धरला. "राहू दे बाबा. पलीकडच्याला वाढ."

रागानं नाही बोलले, हळूच बोलले. मी पलीकडच्याला वाढलं, मग बादली चुलतभावाकडं दिली आणि मांडवामागं जाऊन मोबाईल बघत उभा राहिलो. मोबाईलवर काही नव्हतं.

माझ्या उजव्या हाताच्या चार बोटांची टोकं पांढरी आहेत. डाव्या हाताची दोन. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला सुरू झालं. पुढं डोळ्याच्या बाजूला, गालावर एक डाग आला. याला आपल्याकडं कोड म्हणतात, पांढरे डाग म्हणतात, डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. आजचा भाग त्याच्यावर आहे, पण त्यातल्या एकाच गोष्टीवर: उपचार कोणता घ्यायचा हे ठरवतं कोण, आणि ठरवताना कोणती माहिती टेबलावर असायला पाहिजे.

आधी दोन मिनिटं मूळ भानगड समजून घेऊ. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. कोडामध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या पेशींवर चालून जाते. पेशी गेल्या की तिथला रंग गेला. बस्स. जंतू नाही, त्यामुळे हात लावून, एका ताटात जेवून, टॉवेल वापरून हे पसरत नाही. जगात साधारण शंभर-दोनशे माणसांत एकाला असतं. कुष्ठरोगाशी याचा काही संबंध नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो, कोडाच्या डागावर सगळं कळतं. (आणि कुष्ठरोगसुद्धा आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. म्हणजे त्या आजोबांची भीती दोन्हीकडून चुकीची होती.) दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं होतं, आंबट खाल्ल्यानं वाढतं, असं घरोघरी सांगतात. त्याला पुरावा नाही. मी दीड वर्ष चिंच, लिंबू, दही सोडलं होतं. आमटीत चिंच नसली की ती आमटी राहत नाही, एवढंच त्यातून शिकलो.

त्या लग्नानंतर मी ठरवलं की आता नीट उपचार घ्यायचा. नांदेडला एका त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो. गर्दी खूप. डॉक्टरांनी हात बघितला, गाल बघितला, मलम लिहिलं आणि सांगितलं की आठवड्यातून तीनदा लाइट घ्यावी लागेल. लाइट म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी. अतिनील किरणांमधला ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा एक अरुंद पट्टा तेवढा कातडीवर सोडतात. सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वेळ वाढवतात. कोडासाठी हा जगभर मान्य असलेला, चांगला उपचार आहे. मी "हो सर" म्हणालो आणि बाहेर आलो. एकही प्रश्न विचारला नाही. ऑफिसात एखादं बटण निळं करायचं की हिरवं यावर मी पाऊण तास वाद घालतो, आणि इथं "हो सर".

देगलूर ते नांदेड साधारण ८० किलोमीटर. एसटीनं दोन तास धरा. म्हणजे काही सेकंदांच्या, फार तर काही मिनिटांच्या लाइटसाठी अख्खा अर्धा दिवस. लॅपटॉप मांडीवर, हॉटस्पॉट चालू, नायगावच्या पुढं कॉल तुटणार हे टीमला पाठ झालेलं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून एसटीचा संप सुरू झाला, मग मिळेल त्या जीपनं. आई म्हणायची, "येवढ्या लांब कशाला जायलास रे, फरक तर काय दिसंना." सात महिन्यांत सत्तर फेऱ्या केल्या. जाऊन-येऊन ११,००० किलोमीटरच्या वर.

गालावरचा डाग भरला. आधी तिळाएवढे तपकिरी ठिपके आले, मग ते पसरून एकमेकांना मिळाले. घरात सगळे खूश.

बोटं होती तशीच. एक ठिपका नाही.

पुढच्या वर्षी ऑफिसनं पुण्याला परत बोलावलं. तिथं एका मॅडमकडं गेलो. त्यांनी आधी लाइट किती घेतली ते विचारलं, मग एक प्रश्न विचारला जो आजवर कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. "तुम्हाला यातलं नेमकं काय नकोय?" मी पंगतीची गोष्ट सांगितली. गालाचं मला फारसं काही नव्हतंच, ते आईला होतं. मला बोटं पाहिजे होती.

मॅडमनी माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बोटाच्या टोकावर केस दिसतो का कुठं?"

इथं खरी गंमत आहे, नीट ऐका. डागातल्या रंगाच्या पेशी मेलेल्या असतात. मग लाइट दिल्यावर नवीन पेशी येतात कुठून? मुख्यतः केसांच्या मुळांतून. केसाच्या मुळाशी या पेशींचा एक राखीव साठा असतो, आणि हल्ल्यातून तो बऱ्याचदा वाचतो. लाइटनं त्या पेशी जाग्या होतात, वर सरकतात आणि मुळाभोवती रंगाचा ठिपका उमटतो. माझ्या गालावरचे तीळ म्हणजे तेच होते. बोटांच्या टोकांवर केस नाहीत. साठाच नाही, तर येणार कुठून? ओठांचं असंच. डागावरचे केसच पांढरे झाले असतील, तर तिथला साठाही संपलेला असण्याची शक्यता जास्त.

घरी आल्यावर मी आकडे शोधले. २०१७ मध्ये 'जामा डर्मॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता, लाइटवरचे अनेक अभ्यास एकत्र करून. सहा महिन्यांनी दर शंभरातल्या साधारण ७४ जणांना थोडा तरी, म्हणजे पाव भाग किंवा जास्त, रंग परत आला होता. तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त रंग आलेले सहा महिन्यांनी १९ आणि वर्षभरानं ३६. हे झालं सरसकट. मग तोच हिशोब शरीराच्या भागाप्रमाणं केला. चेहरा आणि मान: शंभरात ४४. छाती-पाठ: २६. हात-पाय: १७. आणि पंजे व पावलं: शून्य.

शून्य. तो आकडा मी बराच वेळ बघत बसलो. त्याचा अर्थ जगात कुणाच्याच बोटांवर कधीच काही होत नाही असा नाही, काहींना थोडाफार रंग येतो. पण 'बोटं जवळजवळ पूर्ण भरतील' या आशेवर मी ११,००० किलोमीटर गेलो होतो आणि त्या आशेच्या बाजूला शून्य लिहिलेलं होतं.

आता पहिल्या डॉक्टरांना दोष देऊ का? मला नाही द्यावासा वाटत. उपचार बरोबर होता, गाल त्यांच्यामुळेच भरला. मी त्यांना बोटं पाहिजेत असं सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. बाहेर ऐंशी माणसं बसलेली. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींच्या वेळेचा आढावा आला होता. भारतात साध्या प्राथमिक तपासणीची सरासरी वेळ होती सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत निदान, चिठ्ठी आणि "पुढच्या महिन्यात या". त्यात "तुम्हाला आयुष्यात काय पाहिजे" कुठं बसवणार?

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न घेता कोड लिहिणं म्हणतात. (हो, कोडावरच्या भागात कोड. हा विनोद मी आठ वर्षं करतोय.) क्लायंटला प्रोग्रॅमिंग येत नाही, यायची गरजही नाही. पण त्याच्या दुकानात गिऱ्हाईक कसं वागतं हे त्यालाच माहीत असतं, मला नाही. दोघांपैकी एकानं एकट्यानं ठरवलं की फसलंच. दवाखान्यातही तेच आहे. कातडीचं ज्ञान डॉक्टरांकडं. आठवड्यातून तीनदा नांदेड जमेल का, डाग चेहऱ्यावरचा खुपतो की बोटाचा, मलम लावून झोपायची सवय आहे की नाही, हे ज्ञान माझ्याकडं. जगात याला शेअर्ड डिसिजन मेकिंग म्हणतात, आपण सोबत ठरवणं म्हणू.

कोडाच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण इथं सगळ्यांसाठी बरोबर असं एकच उत्तर नाही. हार्टअटॅक आल्यावर कुणी तुम्हाला पर्याय विचारत बसत नाही आणि बसूही नये. कोड जिवाला धोका करत नाही. उपचार लांबतो, खर्च होतो, निकाल अर्धामुर्धा येतो आणि परत जाऊही शकतो. अशा वेळी कशासाठी किती करायचं हे माणसागणिक बदलतं.

पर्याय काय असतात ते मोटामोटी सांगतो, डोस मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच. डाग नवीन असेल, लहान असेल तर स्टेरॉईडचं मलम. स्वस्त, पण फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, म्हणून मध्ये थांबावं लागतं. चेहरा, पापणी अशा नाजूक ठिकाणी टॅक्रोलिमस. त्यानं कातडी पातळ होत नाही, सुरुवातीला आग मात्र होते. डाग झपाट्यानं पसरत असतील तर स्टेरॉईडच्या गोळ्या आठवड्यातून फक्त दोन दिवस घ्यायची पद्धत आहे, ती आपल्याकडंच, दिल्लीच्या एम्समध्ये तयार झाली. तिचं काम मुख्यतः पसरणं थांबवणं. डाग वर्षभर जागचा हललेला नसेल तर शस्त्रक्रिया करता येते: मांडीसारख्या ठिकाणची कातडी किंवा रंगाच्या पेशी काढून डागावर बसवतात. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाचं मलम मंजूर झालं. चाचणीत २४ आठवड्यांनी चेहऱ्यावर तीन-चतुर्थांश सुधारणा झालेले शंभरात सुमारे ३० होते, आणि साधं, औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांत सुमारे ७. रंग लावून डाग झाकणं हाही पर्याय आहे. फार मोठा भाग पांढरा झाला असेल तर उरलेला रंगच काढून टाकतात, तो परत येत नाही, म्हणून खूप विचार करून. मायकल जॅक्सननं १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं होतं. लोकांनी विश्वास ठेवला नाही, त्याच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात ते खरं निघालं.

आणि एक पर्याय चिठ्ठीवर कधीच येत नाही: काहीच न करणं. ऊन लागू नये म्हणून सनस्क्रीन, थायरॉइडची तपासणी, कारण कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास असू शकतो, आणि बाकी आपलं आयुष्य. तोही खरा पर्याय आहे.

आमच्या भागात आणखी एक चालतं, बावची. बावचीचं तेल लावायचं आणि उन्हात बसायचं. बावचीत खरोखरच उन्हाला कातडी जास्त संवेदनशील करणारं द्रव्य असतं, त्यामुळे ते सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. पण देगलूरचं एप्रिलचं ऊन आणि मोजमाप नसलेलं तेल! माझ्या बोटांवर टपोरे फोड आले होते. आठवडाभर डाव्या हातानं टाईप केलं. आणि कोडात जखम झाली, घासलं, भाजलं, तर तिथं नवीन डाग येऊ शकतो. म्हणजे उपायानंच आजार वाढायचा. तसंच मेडिकलवरून कुणाच्या तरी सांगण्यावरून ट्यूब आणणं. स्टेरॉईडची मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मिळतात, तुम्हालाही माहीत आहे.

मुलींसाठी एक मधेच: टिकलीच्या गोंदातल्या किंवा रबरी चपलेच्या पट्ट्यातल्या काही रसायनांनीही नेमक्या तेवढ्याच जागी रंग जाऊ शकतो. कपाळावर टिकलीएवढाच पांढरा ठिपका दिसला तर आधी टिकली बंद करा आणि डॉक्टरांना ती दाखवा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इंग्लंडमध्ये कोड असलेले लोक आणि डॉक्टर एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की या आजाराबद्दल कोणते प्रश्न आधी सुटायला पाहिजेत. जेम्स लिंड अलायन्स नावाची व्यवस्था आहे, तिच्या पद्धतीनं. २०११ मध्ये पहिल्या दहा प्रश्नांची यादी छापून आली. त्यातला एक होता: लाइटबरोबर मलम लावलं तर जास्त फायदा होतो का? त्या प्रश्नावर नॉटिंगहॅमहून मोठी चाचणी झाली, नाव हाय-लाइट, ५१७ माणसं, त्यात लहान मुलंही. सगळ्यांना हातात धरायचं छोटं यंत्र घरी दिलं. काहींचं यंत्र खोटं होतं, काहींचं मलम खोटं होतं. नऊ महिने.

आणि यश कसं मोजलं बघा. फोटोवर टक्के मोजून नाही ठरवलं. पेशंटलाच विचारलं की डाग आता आधीपेक्षा किती नजरेत भरतो? 'खूप कमी' किंवा 'दिसतच नाही' असं म्हणाला तरच यश. निकाल: नुसतं मलम शंभरात १७, नुसती लाइट २२, दोन्ही मिळून २७. म्हणजे दोन्ही मिळून थोडं बरं, पण तरीही चारातल्या साधारण एकालाच आपल्या मनासारखं वाटलं. उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांनी आलेला रंग परत गेल्याचं सांगितलं. आणि अर्ध्याहून जास्त लोकांना ठरल्याप्रमाणं नियमित लाइट घेणं जमलंच नाही, घरी यंत्र असून!

हे वाचून मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. सत्तर फेऱ्यांनंतर मी कंटाळलो तो आळशी म्हणून नाही, हा उपचारच जड आहे. आणि घरी वापरायचं यंत्र असतं, हे मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी डोस ठरवून द्यावा लागतो, चुकलं तर भाजतं, सगळ्यांना ते योग्य नसतं, सगळं मान्य. पण "सर, मी ८० किलोमीटरवरून येतो, दुसरं काही होईल का" एवढं मी विचारलं असतं तर निदान विषय निघाला असता.

मग विचारायचं काय? याच्यावरही अभ्यास झालाय. ऑस्ट्रेलियात अभिनय करणाऱ्या लोकांना पेशंट बनवून फॅमिली डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांना तीन प्रश्न दिले होते. माझ्यापुढं पर्याय कोणते? प्रत्येकाचे फायदे-तोटे काय? ते फायदे-तोटे माझ्या बाबतीत व्हायची शक्यता किती? हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. ज्या भेटीत हे तीन प्रश्न विचारले गेले, त्या भेटीत डॉक्टरांनी जास्त आणि चांगली माहिती दिली. डॉक्टर तेच, आजार तोच. पुढं ब्रिटनमधल्या दवाखान्यांत हे प्रश्न पोस्टरवर लावले गेले. २०२४ मध्ये कोक्रेन या संस्थेनं पर्याय समजावून सांगणाऱ्या साधनांवरचे, म्हणजे छोटी पुस्तिका, व्हिडिओ, तक्ता यांवरचे २०९ अभ्यास एकत्र तपासले. ती साधनं वापरणाऱ्यांना आपला आजार जास्त कळला आणि त्यांनी निवडलेला उपचार त्यांना जे महत्त्वाचं वाटतं त्याच्याशी जास्त जुळला.

तिसरा प्रश्न माझ्यासारख्यांनी अधोरेखित करून ठेवावा. 'लाइटनं फायदा होतो' हे खरं आहे. 'माझ्या बोटांवर होईल का' हा वेगळाच प्रश्न आहे.

"डॉक्टरांना प्रश्न विचारले तर ते चिडतील" हे मला सगळेच सांगतात. काही चिडतातही. पण हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं की पेशंटची संमती घेण्याआधी उपचार काय, फायदा काय, धोका काय आणि दुसरा पर्याय काय याची पुरेशी माहिती दिली पाहिजे. तो खटला शस्त्रक्रियेचा होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेतही माहितीचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि पर्यायी उपचार निवडण्याचा हक्क लिहिलाय. अर्थात दवाखान्यात जाऊन खटल्याचं नाव घेऊ नका. माझा अनुभव असा की कागद चालतो. चार ओळींची चिठ्ठी लिहून न्यायची आणि बसल्या बसल्या टेबलावर ठेवायची. दोन मिनिटं मिळणार असतील तर त्यातलं अर्धं मिनिट आपण आठवण्यात घालवायचं नाही. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण फोन बघत बोललं की समोरच्याला वाटतं हा गूगल वाचून आलाय.

एकट्यानं जमत नसेल तर पुण्यात श्वेता असोसिएशन आहे. डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेला कोड असलेल्या लोकांचा गट. त्या स्वतः डॉक्टर आहेत आणि त्यांना स्वतःला कोड आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा सिनेमाही बघा, त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. आईला दाखवला. सिनेमा संपल्यावर ती माझ्या बोटांबद्दल पहिल्यांदा नीट बोलली.

माझं काय झालं? मॅडमबरोबर बसून ठरवलं की बोटांसाठी लाइट बंद. बोटांवर शस्त्रक्रियेचं विचारलं, त्यांनी सांगितलं की करता येते, पण टोकांवर निकाल बेभरवशाचा आणि कीबोर्डवर सतत घासणाऱ्या जागेवर आणखीच. मी नको म्हणालो. गालाला अधूनमधून टॅक्रोलिमस लावतो, रंग टिकून आहे. गेल्या दिवाळीत गावाकडं पंगतीला परत वाढलं. कुणी हात आडवा धरला नाही. धरला असता तर काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

हा भाग आत्ताच का केला, तर माझी मामेबहीण. उदगीरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पापणीवर एक डाग आणि पावलांवर दोन. मामीला घाई, कारण स्थळं बघायला सुरुवात केलीय. गुरुवारी लातूरला दाखवायला जायचंय. परवा रात्री व्हिडिओ कॉलवर तिची चिठ्ठी लिहिली. मामीचं म्हणणं होतं पहिली ओळ 'लग्नाच्या आधी गेलं पाहिजे' अशी पाहिजे. बहिणीनं ती खोडली आणि तिचं तिनं लिहिलं:

'डाग दोन महिन्यांपासून पसरतायत का थांबलेत ते मला कळत नाही, फोटो आणलेत. पापणीचा जास्त खुपतो. पावलांचं चालेल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आठवड्यातून तीनदा लातूर जमणार नाही. पापणीला काय-काय करता येतं आणि माझ्या पापणीवर किती शक्यता? काहीच केलं नाही तर काय होईल?'

शेवटची ओळ वाचून मामी म्हणाली, "हे कशाला लिहायलीस? डॉक्टर म्हणतील मग आलीस कशाला."

"दादा, राहू देऊ का खोडू?" तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, तुझी चिठ्ठी आहे. तिनं ठेवली.

गुरुवारी मी सोबत जातोय, पण आत ती आणि मामीच जाणार, मी बाहेर बसणार. तिची परवानगी असेल तर पुढं काय झालं ते सांगेन. तोवर भेटू पुढच्या भागात.